कळसाडी ते उत्राण: पाडकामाच्या वाटेवर

कळसाडीत नानाच्या ओसरीवर चहा झाला आणि त्याने सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सरकवली. मनगटापासून वर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे डाग. मोजायला गेलो तर चाळीसच्या पुढे मोजणी चुकली. "गॅस कटरची ठिणगी," तो म्हणाला. "हातमोजा असला तरी बाहीतून आत शिरते. हे काहीच नाही, भाऊ. हे दिसतं तरी."

नाना माझ्या आईकडच्या नात्यातला. गेली वीस वर्षं सुरतेत आहे आणि त्याचा धंदा मोडण्याचा. बंद पडलेल्या गिरण्या, टाक्या, बॉयलर, रंगाच्या कारखान्यांतल्या भट्ट्या. मुकादम सांगेल तिथे जायचं आणि लोखंड कापायचं. गावी येतो तो थंडीत, आठ-दहा दिवसांसाठी. त्या दिवशी सुरतेजवळच्या उत्राण वीज केंद्राच्या पाडलेल्या मनोऱ्याचा विषय निघाला. नदीच्या अलीकडच्या काठावर गर्दीत उभं राहून त्याने तो पडताना पाहिला होता. "सात सेकंद, भाऊ. टाळ्या वाजल्या. पण त्याच्या आधी किती महिने लागले आणि नंतर किती, ते कुणी विचारलं नाही." तेच विचारायचं म्हणून मी त्याच्याबरोबर सुरतेला निघालो.

आमच्या भागात धुराडं म्हटलं की पुरुषोत्तमनगरचं, सातपुडा साखर कारखान्याचं. पोरांना दिशा कळते ती त्यावरून. त्यामुळे धुराडं ही कायमची गोष्ट आहे, डोंगरासारखी, असं लहानपणी वाटायचं. शहाद्याहून एसटीने निघालो तेव्हा डाव्या-उजव्या बाजूला पपई आणि केळी, मागे सातपुड्याची निळी रेघ. प्रकाशाला तापीचा पूल आला. गोमाई इथेच तापीला मिळते. बॅरेज झाल्यापासून नदी रुंद आणि संथ दिसते. हेच पाणी पुढे उकाईच्या धरणात जातं आणि तिथून सुरतेला, आम्ही ज्या मनोऱ्याची जागा पाहायला निघालो होतो त्याच्या शेजारून, समुद्राला. आमचा प्रवास नदीच्याच वाटेने होता.

नंदुरबारहून गाडी धरली. नवापूर स्थानकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. पुढे उकाई-सोनगड. उकाईला औष्णिक वीज केंद्र आहे. त्यातले १९७६ सालचे पहिले दोन संच, प्रत्येकी १२० मेगावॅटचे, आता निवृत्त झालेत. आपल्या खानदेशातही तेच. भुसावळजवळ दीपनगरचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला, साडेबासष्ट मेगावॅटचा. तो थांबून काळ लोटला. माझ्या वडिलांच्या पिढीने ही केंद्रं उभी राहताना पाहिली आणि गावात दिवा आला तेव्हा पेढे वाटले. ती मोडताना पाहणं आमच्या वाट्याला आलं आहे. सगळीकडे एकाच काळात बांधलेलं एकाच काळात म्हातारं होतं, म्हणून हे काम येत्या वर्षांत वाढतच जाणार.

गाडीत जागा मिळाल्यावर नानाने मला क्रम सांगितला. तो काही शिकून आलेला अभियंता नव्हे. बरोबरच्यांना पडताना, भाजताना पाहून शिकलेला आहे. पण त्याने जे सांगितलं तेच पुस्तकातही आहे.

पहिलं काम तोडणं नसतंच. पहिलं काम रिकामं करणं. कारखाना बंद झाला म्हणजे तो मेला असं नाही. विजेची तार कुठून तरी जिवंत असते, नळीत गॅस अडकलेला असतो, टाकीच्या तळाशी दोन बोटं तेल उरतं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण भरलेल्या टाकीत तेल असतं आणि रिकाम्या टाकीत तेलाची वाफ हवेत मिसळलेली असते. ती पेट घ्यायला कटरची एक ठिणगी पुरते. म्हणून नळीचा सांधा उघडून मध्ये लोखंडी चकती घालतात, मगच ती नळी खरी तुटली असं मानतात. नुसती झडप बंद केली तर ती कुणीतरी उघडू शकतं, किंवा ती गळते. विजेच्या खटक्याला कुलूप आणि कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. टाकीत नायट्रोजन सोडून वाफ बाहेर काढायची, हवा मोजायची, ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर आत पाय ठेवायचा नाही.

"आणि सांधा उघडताना?" मी विचारलं.

नानाने पाण्याची बाटली आडवी धरली, नळी समजून. झाकणाभोवती बोट फिरवून म्हणाला, "आठ बोल्ट असतात असं धर. आपल्या तोंडाकडचा बोल्ट शेवटी. पलीकडचा, खालचा, तो आधी. तोही पूर्ण काढायचा नाही, नुसता सैल करायचा. आत दाब असला तर तो पलीकडे फुटतो. मग थांबायचं. बिडी ओढायला नाही, कान देऊन ऐकायला." त्याने बाटलीचं झाकण थोडं फिरवलं. आतली हवा फुस्स करून सुटली. समोरच्या बाकावरचा मुलगा हसला. नाना हसला नाही.

सुरतेत उधन्याला उतरलो. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागात नंदुरबार, धुळे, जळगावचा माणूस रस्त्यावर पावलोपावली भेटतो. भाजीवाली अहिराणीत भाव सांगते. नानाची खोली लिंबायतला, दहा बाय बाराची. वहिनींनी भाकरी आणि शेवभाजी केली होती. मोरीत नानाचे कामाचे कपडे भिजत पडले होते, करड्या पाण्यात. मी त्या पाण्याकडे पाहत राहिलो, कारण मला ॲस्बेस्टॉसची आठवण झाली.

जुन्या बॉयलरभोवती, वाफेच्या नळ्यांभोवती, टर्बाइनभोवती उष्णता धरून ठेवायला जाड लेप असायचा. वर पत्रा, आत पांढरं, कापसासारखं पण बोटाला जरा टोचणारं द्रव्य. अनेक जुन्या केंद्रांत त्यात ॲस्बेस्टॉस आहे. पत्रा ओढून काढला की ते भुरभुरतं. त्याचा तंतू इतका बारीक असतो की डोळ्याला दिसत नाही. फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. तोपर्यंत मुकादम बदललेला असतो, कंत्राटदार बदललेला असतो, कारखान्याची जागा विकली गेलेली असते. नीट करायचं तर लेप आधी पाण्याने भिजवायचा, कोरडा कधीच ओढायचा नाही, दुहेरी पिशवीत बंद करून वर पाटी लावायची, त्या भागात चांगला मुखवटा घालूनच जायचं आणि कामाचे कपडे कामावरच ठेवायचे. घरी आणायचे नाहीत. जगभर असं दिसलं आहे की नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाला.

मी नानाला विचारलं, कपडे तिथे ठेवायला जागा असते का. तो म्हणाला, "एका ठिकाणी होती. तिथे आंघोळीलाही पाणी होतं. वीस वर्षांत एका ठिकाणी." वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय असतं त्या कपड्यांत?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनी ती बादली मोरीतून उचलून बाहेर नळावर नेली.

२७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात निकाल दिला. ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगाराच्या आरोग्याची नोंद ४० वर्षं सांभाळायची, किंवा तो काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर. आजार किती उशिरा येतो हे न्यायालयाने ओळखलं होतं. पण पाडकामाचा कामगार आज या टाकीवर, उद्या त्या गिरणीत. त्याची नोंद ठेवणार कोण?

सकाळी उत्राणला गेलो. तापीच्या पलीकडे, सुरत स्थानकाच्या पुढचं स्थानक. फाटकाच्या आत जायला परवानगी नव्हती आणि मी ती मागितलीही नव्हती. बाहेरच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी उभं राहून नानाने आकाशातला एक तुकडा बोटाने दाखवला. "तिथे."

गुजरात राज्य विद्युत महामंडळाच्या १३५ मेगावॅटच्या केंद्राचा तो शीतकरण मनोरा, १९९३ सालचा. उंची ८५ मीटर, तळाचा व्यास ७२ मीटर. डमरूसारखा वर-खाली रुंद, मध्ये कमरेला बारीक. गावोगावी लोक अशा मनोऱ्याला धुराडं समजतात, पण त्यातून धूर येत नाही. टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करताना पाणी तापतं. ते तापलेलं पाणी मनोऱ्यात शिंपडतात, खालच्या खांबांमधून हवा आत ओढली जाते, आणि वर जो पांढरा ढग दिसतो तो वाफेचाच. असा मनोरा इतका मोठा दिसतो, पण कमरेशी त्याच्या काँक्रीटची जाडी साधारण वीतभरच असते. आकाराच्या मानाने अंड्याच्या टरफलाहूनही पातळ. त्याचं बळ जाडीत नसतं, वळणात असतं.

हे बळच पाडताना ध्यानात ठेवावं लागतं. २१ मार्च २०२३ च्या सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास तो पाडला. त्यासाठी २२० किलोहून थोडी अधिक स्फोटकं लागली. हजारो टन काँक्रीटला एवढीच? कारण स्फोटक मनोरा पाडत नाही. ते खालचे पाय काढून घेतं. पाडते ती पृथ्वी. खांबांना ठरल्या जागी भोकं पाडायची, त्यात स्फोटकं भरायची, तुकडे उडू नयेत म्हणून खांबांना जाळी आणि जाड कापड गुंडाळायचं, आणि सगळे एकाच क्षणी न उडवता सेकंदाच्या बारीक अंशांच्या फरकाने उडवायचे, म्हणजे मनोरा ठरलेल्या बाजूला बसतो. लोकांना अडीचशे-तीनशे मीटर लांब ठेवलं होतं. नानाला धूळ आठवते. आधी जमीन हलली, मग आवाज आला, मग एक मोठा पांढरा ढग नदीकडे आला आणि बाजूच्या बाईने पदर पोराच्या तोंडावर धरला.

स्फोट झाल्यावर लगेच कुणी आत जात नाही. आधी सुरुंग लावणारा स्वतः जातो, स्फोटकाची एखादी नळी न फुटता राहिली का पाहतो, मगच भोंगा. न फुटलेलं स्फोटक ढिगाऱ्यात राहिलं आणि पोकलेनचा दात त्यावर बसला तर काय होईल ते सांगायला नको. आणि ठरवलेलं सगळं घडतंच असंही नाही. पुण्यात चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री ६०० किलो स्फोटकांनी उडवला, तरी आतल्या लोखंडी सळयांनी त्याचा बराच भाग धरून ठेवला; उरलेला यंत्रांनी पाडावा लागला. नकाशात नसलेलं लोखंड पुलाच्या पोटात असू शकतं. सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली ती विमानांच्या वाटेत येते म्हणून. त्यावर पुष्कळ राजकारण झालं, त्यात मी शिरत नाही. पण पडण्याचं दृश्य पाहायला तिथेही गर्दी होती.

माणसं मरतात ती मात्र नेहमी या दृश्याच्या क्षणी नाही. पुष्कळदा ती मरतात तयारीत.

इंग्लंडमधल्या डिडकॉटच्या वीज केंद्रात २३ फेब्रुवारी २०१६ ला कुठलाही स्फोट ठरलेला नव्हता. पाडकामाची तयारी चालू होती. बॉयलरच्या इमारतीचा मोठा भाग अचानक खाली आला आणि चार कामगार गेले. उरलेला अर्धा भाग इतका डळमळीत होता की माणूस जवळ जाऊ शकेना. शेवटी १७ जुलैला यंत्रमानवांकडून स्फोटकं लावून तो पाडला. शेवटच्या कामगाराचा देह मिळाला तो सप्टेंबरमध्ये. सहा महिने त्या घरची माणसं वाट पाहत होती. आणि दक्षिण कोरियात उल्सानला ६ नोव्हेंबर २०२५ ला अगदी तसंच: पाडण्याआधी कमकुवत करायला घेतलेला, साठेक मीटर उंच बॉयलरचा सांगाडा कोसळला, सात जण गेले.

बॉयलरच का? कारण मोठा बॉयलर जमिनीवर बसलेला नसतो. तो वरून टांगलेला असतो. तापला की लोखंड वाढतं, त्याला खाली वाढायला जागा हवी म्हणून हजारो टनांचं ते धूड उंच पोलादी चौकटीला लटकवतात. पाडण्याआधी चौकटीचे खांब अर्धेअर्धे कापून ठेवतात, स्फोटानंतर ठरल्या दिशेला पडावी म्हणून. कुठला खांब किती कापला, त्यामुळे कुठल्या खांबावर भार गेला, याचं गणित रोज नव्याने करावं लागतं. ते गणित एक दिवस चुकलं किंवा केलंच नाही, तर चौकट कुणाला सांगून पडत नाही. नानाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने टपरीवाल्याकडून दोन काड्या घेतल्या, त्यांच्यावर चहाचा पेला ठेवला आणि एक काडी हळूच ओढली. पेला तसाच राहिला. मग म्हणाला, "असाच राहतो. म्हणून तर माणूस खाली जातो."

कायदा आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने पाडकामही बांधकामातच धरलं होतं. पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ४१३० आहे. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय तर आपल्याच नागपुरात आहे. वरून खाली पाडत या, आधी आराखडा करा, शेजारच्या इमारतीला टेकू द्या, हे सगळं लिहिलेलं आहे. पण जुन्या कारखान्याचा लिलाव "भंगार" म्हणून होतो, आणि भंगार म्हटलं की ते काम पाडकाम राहत नाही, किलोने विकायचा माल होतो. जो जास्त भाव देईल त्याला. भाव जास्त दिला की भरून काढायचं ते वेळ वाचवून.

दुपारी नाना मला शहराबाहेरच्या एका भंगाराच्या अंगणात घेऊन गेला. तांब्याची वेटोळी, मोटारींचे ढिगारे, कापलेल्या नळ्या. एका पोऱ्याच्या हातात घणाने फोडलेली लोखंडी पेटी होती. मला दिल्लीतलं मायापुरी आठवलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वापरातून गेलेलं एक किरणोत्सर्गी यंत्र २०१० साली लिलावात भंगार म्हणून गेलं. त्यात कोबाल्ट-६० होता. भंगारवाल्यांनी ते मोडलं, त्याचे तुकडे झाले, माणसं भाजली, त्यातला एक कामगार एप्रिल २०१० मध्ये दगावला. वीज केंद्रांत, सिमेंट आणि कागदाच्या कारखान्यांतही पातळी मोजायला असे लहान किरणोत्सर्गी स्रोत बसवलेले असतात. शिशाच्या डब्यात बंद. लिलावाआधी ते यादीप्रमाणे मोजून काढले नाहीत, तर तो डबा अशाच एखाद्या पोऱ्याच्या घणाखाली येतो. मी त्या मुलाला पेटी ठेवायला सांगितलं. त्यात काही नव्हतं, नुसतं गंजलेलं गिअर होतं. तरी माझा जीव वर-खाली झाला.

आणि जिथे कुणी मोडायलाच गेलं नाही, तिथलं काय? आमच्या शहाद्यापासून खेतियाचा नाका ओलांडला की मध्य प्रदेश. त्या राज्यातल्या भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायुगळती झाली आणि युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला. आतला विषारी कचरा चाळीस वर्षं तिथेच होता. १ जानेवारी २०२५ च्या रात्री त्यातला ३३७ टन कचरा १२ कंटेनरांत भरून धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला नेला. तिथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. जूनअखेर तो जाळून संपवला. कारखान्याच्या आवारातली जमीन आणि भूजल यांचा प्रश्न मात्र त्या कंटेनरांत भरता आला नाही. बंद पडलेल्या कारखान्याला नुसतं कुलूप लावून निघून जाणं हे पाडण्याहून कितीतरी घातक आहे, हे आपल्याला भोपाळइतकं कुणी शिकवलेलं नाही.

परतीच्या गाडीत मी एकटा होतो. नवापूर ओलांडलं, अंधार पडला, प्रकाशाच्या पुलावर एसटीचा उजेड पाण्यात हलला. कळसाडीत पोचलो तर नानाची आई जागी होती. तिने एकच विचारलं: "बरा आहे ना त्याचा खोकला?" खोकल्याबद्दल नाना मला काही बोलला नव्हता.

महाराष्ट्रात किती सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, वीज केंद्रांचे जुने संच आज बंद पडून आहेत हे आपण गाडीतून जाता-येता पाहतो. त्यांचे संचालक, सभासद, बँकांचे वसुली अधिकारी यांना माझं सांगणं आहे. लिलावाच्या अटींत यंत्रांच्या वजनाच्या आधी चार गोष्टी लिहा: ॲस्बेस्टॉस कुठे आहे त्याची यादी, तो काढण्याचा स्वतंत्र खर्च, किरणोत्सर्गी स्रोत आणि उरलेली तेलं-रसायनं यांचा निपटारा, आणि काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या नावाची व छातीच्या तपासणीची नोंद. त्याने भंगाराचा भाव थोडा उतरेल. तेवढा उतरू द्या. आणि ज्यांच्या घरातला कुणी सुरतेला, मुंबईला, अलंगला कटर चालवायला जातो त्यांनी त्याला एवढं विचारा: कामाचे कपडे घरी आणतोस का? आणत असेल तर ते इतर कपड्यांत मिसळू नका, कोरडे झटकू नका, आणि त्याला एकदा जिल्हा रुग्णालयात नेऊन छातीचा फोटो काढून तो कागद जपून ठेवा. नानाचा मी पुढच्या आठवड्यात नंदुरबारला काढून घेणार आहे.